न पिळणाऱ्या खिल्लार गायींना वळू कोणता लावावा?

शिरोळकाठ

नमस्कार मंडळी. गाव शिरोळ तालुक्यात, रान काळं, पीक ऊस आणि थोडं सोयाबीन. दावणीला अकरा खिल्लार आहेत: सात व्यालेल्या गायी, एक भाकड, तीन कालवडी. एकीलाही डेअरीसाठी पिळत नाही. घरापुरतं तांब्याभर काढून घेतो, बाकी सगळं दूध वासराच्या पोटात. गावात बहुतेकांकडं एचएफ गायी नाहीतर म्हशी आहेत, दोन वेळचं दूध संस्थेत जातं, दहा दिवसांनी बिल येतं. माझा हिशेब वेगळा आहे. शेण शेताला, गोमूत्र जीवामृताला, आणि वर्षाकाठी जी खोंडं-कालवडी विकली जातील तेवढा पैसा. वडिलांचा या जनावरांवर जीव आहे आणि माझाही आहे.

अडचण अशी की गायी आजवर गावच्या पोळाकडून, म्हणजे गावानं मोकळ्या सोडलेल्या वळूकडून, फळत आल्या. पोळ देखणा आहे, पण तीनपैकी दोन कालवडी त्याच्याच पोटच्या. त्याच पोळाला त्या दाखवायच्या नाहीत, हे नक्की. म्हणजे नवीन वळू आला, आणि वळू आला म्हटल्यावर गावात जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणतो चांगल्या घरचा खिल्लार आण. दुसरा म्हणतो गीरची कांडी (कृत्रिम रेतन) भर, दूध वाढेल. कागलचे पाहुणे म्हणतात कृष्णाकाठी जातीचा शोध. दूध संस्थेतला एकजण तर जर्सी भर म्हणतो, वासरं दांडगी होतील म्हणून.

नुसतं मत नको, का ते सांगा. कालवडी पहिल्यांदाच फळणार आहेत, तेही ध्यानात घ्या.

आदत_चौसा

खिल्लार. दुसरा विचारच करू नका दादा.

२०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यती बंद केल्या तेव्हा आमच्या भागात खोंड कुणी फुकट नेईना. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून चांगल्या रक्ताच्या आदत खोंडाला गिऱ्हाईक घर शोधत येतंय. दात न लावलेलं खोंड, पायात जोर, पोट आवळ, तोंड लांब, कान बारीक आणि ताठ, शेपूट पातळ. हे सगळं तुमच्या गायींमध्ये आधीच असेल. त्यात गीर घातला की पहिल्याच पिढीत कान लोंबतो आणि गळ्याची पोळी वाढते. वडगावच्या बाजारात व्यापारी लांबूनच कान बघतो आणि जवळ यायच्या आत अर्धी किंमत करतो.

तुमच्याकडची वासरं आईचं सगळं दूध पितात. दूध विकणाऱ्याच्या दावणीला असं वासरू होत नाही. हाडापेरानं भरलेलं खोंड तयार होतंय तर ते मिश्र करून घालवू नका.

गीरप्रेमी_इचलकरंजी

शर्यतीचं गिऱ्हाईक सगळ्याच खोंडांना मिळत नाही. दहातलं एखादं पळतं, बाकीच्या नवांचं काय ते पण बोला की.

माझं म्हणणं दुधाचं आहे. खिल्लार गाय एका वेताला साधारण चार-पाचशे लिटरच्या आत-बाहेर देते. गीर गाय बऱ्या सांभाळात दीड-दोन हजार लिटर. पहिल्या पिढीची गीर-खिल्लार कालवड मधे कुठंतरी बसेल. म्हणजे वासराला पोटभर पाजूनही घरात दोन-तीन लिटर जास्त येईल, आणि पुढंमागं वडील थकले, तुम्हाला दूध घालायची पाळी आली तर गाय त्याला तयार असेल. गीरही आपलीच देशी, वशिंडाची, उन्हाला टिकणारी. जर्सीच्या पंगतीत तिला बसवू नका.

पशुवैद्य_गडहिंग्लज

शिरोळकाठ, वळूची जात ठरवायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःशी द्या. झालेलं खोंड कोण नेणार? आणि झालेली कालवड तुम्ही ठेवणार की विकणार? जातीचा निर्णय निम्म्याहून जास्त इथंच होतो.

खोंडाबद्दल. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात २०१५ साली सुधारणा झाली आणि गायीबरोबर वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे आपल्याकडं नराला औत, गाडी, शर्यत आणि पैदास एवढ्याच वाटा. यातली एकही वाट जर्सीच्या खोंडाला नीट लागू पडत नाही. वशिंड नसल्यानं जू मानेवर ठरत नाही, चैत्र-वैशाखात दुपारी ते जनावर धापा टाकतं. अशी खोंडं दावणीला बांधून घालणं किंवा रात्री कुठंतरी सोडून देणं, दोन्ही मी रोज बघतो. सोडलेली जनावरं उसात शिरतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. तुम्ही दूध विकत नाही, मग जर्सीचा एकुलता एक फायदा तुमच्या उपयोगाचा नाही. तो पर्याय पुसून टाका.

कालवडींबद्दल. पहिलटकरणीला तिच्या जातीपेक्षा मोठ्या हाडाचा वळू लावायचा नाही. वासरू मोठं झालं तर वार अडकणं, ओढून काढावं लागणं, गायीच्या मागच्या पायातली ताकद जाणं, हे सगळं पहिल्याच वेताला होतं आणि ती गाय पुढं लवकर माजावर येत नाही. कृष्णाकाठी काय किंवा भारी गीर काय, तीन कालवडींना नको. त्यांना मध्यम बांध्याचा खिल्लारच.

आता जे कुणी विचारलं नाही ते सांगतो, कारण वळू कितीही चांगला आणला तरी यावर अडतं. तुमच्या गायींचं दोन वेतांतलं अंतर किती आहे? वासरू दिवसरात्र आईजवळ आणि सारखं चोखत असलं की गाय लवकर माजावर येत नाही. चोखण्यानं आणि वासराच्या सहवासानं मेंदूतून अंडाशयाला जाणारा हार्मोनचा इशारा दबून राहतो. त्यात वैरण कमी पडली की काम आणखी लांबतं. देशी गायींत हे जास्त दिसतं.

शिरोळकाठ

डॉक्टर, अचूक बोट ठेवलंत. बहुतेक गायी दीड वर्षानं, एक-दोन तर दोन वर्षांनी वितात. मी समजत होतो की खिल्लारचं तसंच असतं.

पशुवैद्य_गडहिंग्लज

जातीचा थोडा वाटा आहे, पण सगळा नाही. पहिले दोन महिने वासरू पूर्ण मोकळं राहू दे. त्यानंतर ते वेगळं बांधा आणि सकाळ-संध्याकाळ पाजायला सोडा. तोवर त्याला कोवळी वैरण आणि मूठभर पेंड चाखायची सवय लागलेली असते, ते खंगत नाही. नुसत्या एवढ्यानं बऱ्याच गायींचा माज अलीकडं येतो. सातव्या-आठव्या महिन्यात पूर्ण तोडा.

दुसरं, उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात जनावरं महिनोन्महिने वाड्यावरच असतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. खनिज मिश्रण रोज द्या, जोडीला कडबा किंवा हत्तीघास आणि थोडी द्विदल वैरण ठेवा. नाहीतर वळू शोधायला खरसुंडीला जा की गुजरातला जा, गाय फळणार नाही.

घाटमाथा_गगनबावडा

शिरोळकाठ यांना नाही, पण हा धागा वाचून आमच्याकडचं कुणी खिल्लार वळू घेऊन येईल म्हणून लिहितो. आणू नका. खिल्लार हे माणदेशातल्या कोरड्या माळावरचं जनावर. आमच्या पावसात चार महिने खूर भिजलेला राहतो, मऊ पडतो, सडतो. राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याच्या पश्चिमेलाही तीच गत. आमच्या बाजूला वळू बघायचाच तर डांगी बघावा. अकोले-इगतपुरीच्या पावसातली जात, कातडी तेलकट, पाणी ठरत नाही, खूर काळा आणि टणक. बारक्या अंगाच्या डोंगरी गायींना कोकण कपिलाही जमते. जिल्हा एक असला तरी पूर्वेचा सल्ला पश्चिमेला चालत नाही.

जुनी_दावण

मी कागलच्या बाजूचा. कृष्णाकाठीचं नाव निघालं म्हणून लिहितोय, बाकी तुम्ही तरुण मंडळी जास्त वाचलेली आहात.

ही जात आपल्याच पाण्यावरची. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठची काळी कसदार जमीन ओढायला हलका बैल पुरत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानांच्या काळात गीर, ओंगोल, कांकरेज आणि इकडची म्हैसूर वळणाची गाय यांच्या संकरातून हे दांडगं जनावर उभं राहिलं. अंग लांब-रुंद, छाती खोल, चाल संथ, ओढ जबर. पावसाळ्यानंतर काळ्या रानात रुतलेला नांगर ओढून काढणारी ही जोडी. दुधालाही खिल्लारपेक्षा बरी.

मग ट्रॅक्टर आला. नांगरटीचं काम गेलं तसं या बैलाचं कामच गेलं. शर्यतीत तो पळत नाही. आज कृष्णाकाठी म्हणून जे दाखवतात त्यातलं किती खरं, हे डोळ्यांनी पारखावं लागतं. अथणी, जमखंडी, मुधोळकडं अजून सापडतात. मला ही जात राहावी असं फार वाटतं. पण ती राहायची तर कृष्णाकाठी गायीला कृष्णाकाठी वळू मिळाला पाहिजे. शिरोळकाठ, तुमच्या खिल्लारीवर कृष्णाकाठी लावून तुम्हाला ना पळणारं खोंड मिळेल ना ओढणारं, आणि त्या जातीलाही काही मिळणार नाही. ज्याच्याकडं चार कृष्णाकाठी गायी आहेत त्याला तो वळू जाऊ द्या.

गीरप्रेमी, एक मात्र तुमच्या बाजूनं बोलतो. मिश्रण केलं म्हणून बाटलं असं नसतं. कृष्णाकाठी मिश्रणातूनच झाली, लातूरकडची देवणीसुद्धा गीर, डांगी आणि गावठी गायीतून झाली असं सांगतात. पण तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकच कसब डोळ्यांसमोर ठेवून निवड झाली, आणि मुलूखभर झाली. एका दावणीवर एकदा गीर भरला, पुढच्या वेळी साहिवाल, त्याच्या पुढं कांडी मिळाली नाही म्हणून गावचा पोळ, याला जात घडवणं म्हणत नाहीत.

दूरदेशी_करवीर

मूळचा करवीर तालुक्यातला, गेली काही वर्षं आयर्लंडच्या पश्चिम भागात नोकरीला. इथं शेजारीच अशा गायींचे कळप आहेत ज्यांचं दूध फक्त वासरू पितं. शिरोळकाठ यांची पद्धत वाचून ते आठवलं. इथला हेतू मांसाचा आहे, आपल्याकडं तो नाही, त्यामुळं जाती उचलून तिकडं न्यायचा प्रश्नच नाही. पण इथले शेतकरी वळू निवडताना जो विचार करतात तो उपयोगाचा आहे.

ते वळूचे दोन प्रकार मानतात. एक, ज्याची सगळी वासरं विकायची आहेत तो. दुसरा, ज्याच्या कालवडी ठेवून उद्याच्या आया करायच्या आहेत तो. पहिल्यासाठी शारोले, लिमुझिन, बेल्जियन ब्लू असे अंगानं भरणारे. दुसऱ्यासाठी सिमेंटाल किंवा अँगस, कारण आईला दूध हवं, सहज विता आलं पाहिजे, पाय टिकले पाहिजेत. वळूंना एक ते पाच तारे असतात, आणि ते दोन्ही कामांसाठी वेगवेगळे मोजलेले. विकायच्या वासरांसाठी पाच ताऱ्यांचा वळू चांगल्या आया देईलच असं नाही. आणि पहिलटकरणीला ते मुद्दाम अँगससारखा सोप्या विण्याचा वळू लावतात. बेल्जियन ब्लूचं वासरू एवढं मांसल असतं की त्या जातीत पोट फाडून वासरू काढणं नेहमीचं आहे. डॉक्टरांनी कालवडींबद्दल जे लिहिलं तेच इथला प्रत्येक शेतकरी सांगतो.

आणखी एक. कळपातल्या सर्वांत चांगल्या गायींना ते पुढच्या आया देणारा वळू लावतात. ज्या गायींच्या पोटची कालवड ठेवायची नाही, त्यांनाच दुसऱ्या जातीचा.

पशुवैद्य_गडहिंग्लज

दूरदेशी यांनी मांडलं त्याला धरून एक मधला मार्ग सुचवतो. वर्षभर खांडात (कळपात) खिल्लार वळूच ठेवा. दोन गायींना, पहिलटकरणींना नव्हे, गीरची लिंगनिर्धारित कांडी भरा. तिच्यातून दहात साधारण नऊ वेळा कालवड होते, त्यामुळं गीर-मिश्र खोंडाचा प्रश्न जवळपास उरत नाही. घरच्या दुधाला एक-दोन गायी तयार होतील. गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं, तेवढी तयारी ठेवा. आणि कांडी भरायच्या गायी त्या काळात वळूपासून वेगळ्या बांधा, नाहीतर वासराचा बाप कोण हेच कळणार नाही.

कांडी भरताना वेळ सांभाळा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खिल्लारचा माज मुका असतो, ती ओरडत नाही की फार उड्या मारत नाही. सोट (चिकट स्राव), सुजलेलं निरण (योनीमुख) आणि दुसऱ्या गायीला स्वतःवर चढू देणं, एवढंच बघायचं. हुकली की २१ दिवस थांबा. कांडीवर जात, वळूचा नंबर आणि तारीख छापलेली असते. वाचून वहीत लिहून ठेवा. आपल्याकडं ही वही कुणीच ठेवत नाही आणि मग चार वर्षांनी बाप-लेकीची गाठ पडते. त्या वासरात पुरता पाव हिस्सा रक्त दोन्हीकडून तेच येण्याची शक्यता असते. वजन घटतं, वासरं अशक्त निघतात, गायी उलटतात, म्हणजे गाभ धरत नाहीत.

माहेर_आटपाडी

सासर हातकणंगल्यात, माहेर आटपाडीकडं. लहानपणापासून खिल्लारीतच वाढले, म्हणून डॉक्टरसाहेबांना एक विनंती. दोन गायींना गीर म्हणताना कोणत्या दोन हे सांगा. लोक काय करतात, दुधाला सगळ्यात बरी आणि रूपाला सगळ्यात देखणी गाय असते तिलाच गीर भरतात. मग खिल्लारीत मागं काय राहिलं? दूरदेशी दादांनी लिहिलं तसंच करा. सगळ्यात चांगल्या गायींना खिल्लारच. ज्या गायीच्या रंगात, शिंगात, कानात उणं आहे पण कास बरी आहे, तिला गीर.

आता वळू बघायचा कसा. खिल्लार म्हणजे एकच नाही. आमच्या बाजूचा आटपाडी महाल, म्हसवडचा वेगळा, नकली म्हणतात तो वेगळा, आणि तापीकाठचा पांढरा, गाजरी नाकाचा तो आणखी वेगळा. कोसा, काजळी, पांढरा अशी रंगाची नावं शर्यतीवाले घेतात, पण रंगाला भुलून वळू घेऊ नका. तुमच्या काळ्या रानासाठी हाडानं जरा भरलेला आटपाडी किंवा म्हसवडकडचा बघा. फार बारीक, नुसता पळणारा नको.

वळूचे पाय मागून बघा, चालवून बघा. खूर काळा, घट्ट, फट आवळ. दोन्ही अंड सारखे आणि लोंबते हवेत, एक वर एक खाली असेल तर फिरा. शिंगं एका बुडातून निघून मागं जाऊन वर वळलेली. स्वभाव हातानं पारखा, कारण तापट वळूच्या कालवडी सुद्धा तापट निघतात आणि तुमच्याकडं तर वडील एकटे गायी राखतात.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याची आई बघा. वळू यात्रेत नटवून आणलेला असतो, आई घरच्या दावणीला असते. तिचे सड चारही सारखे आहेत का, ती दर वर्ष-सव्वा वर्षाला विते का, तिचं मागचं वासरू भरलंय का. जिच्या वासराचं पोट आत गेलंय तिचा मुलगा तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तुमच्याकडं वासरू दुसरं काही पीतच नाही. पौषात खरसुंडीला यात्रेला जाऊन नुसते वळू बघून या, पत्ता घ्या, आणि नंतर घरी जा.

आणि नवीन वळूची पहिली वासरं झाली की त्यांच्या टाळूवर तांबूस रंग दिसेल. घाबरून जाऊ नका. शुद्ध खिल्लारीत तो असतोच, दोन-तीन महिन्यांत जातो.

आदत_चौसा

ताई, सगळं पटलं, फक्त "नुसता पळणारा नको" हे नाही पटलं. पळणारंच तर विकतं.

माहेर_आटपाडी

भाऊ, पळणारं विकतं, पण ते कुणाच्या हातात विकतं ते पण बघा. शर्यतीचं खोंड घेणारा ते निवडून घेतो, आठ महिने खुराक घालतो, शिकवतो. बाकीची खोंडं गाडीला आणि औताला जातात. अजून कारखान्यांना बैलगाड्या लागतात, डोंगरात आणि लहान तुकड्यात कुळव-पाभर बैलांवरच चालते. वळू असा हवा की ज्याची नऊ खोंडं कामाची निघतील आणि एखादं पळेल. एकाच्या आशेवर नऊ पातळ हाडाची करायची नाहीत.

गीरप्रेमी_इचलकरंजी

दोन गायींचं मान्य. मला तेवढंच म्हणायचं होतं की घरातल्या लेकरांनाही दूध पाहिजे.

पण एक शंका. त्या दोन गीर-मिश्र कालवडी मोठ्या झाल्यावर त्यांना काय लावायचं?

पशुवैद्य_गडहिंग्लज

चांगला प्रश्न आहे आणि तो आत्ताच विचारला ते बरं झालं. पहिल्या पिढीत दोन जातींचं बळ एकत्र दिसतं, वासरू टणक निघतं. मिश्र गायीला मिश्र वळू लावला की त्यातलं निम्मं बळ पुढच्या पिढीत गळून जातं आणि दहा वासरं दहा तऱ्हेची होतात. म्हणून या कालवडींना पुन्हा गीरच लावा आणि त्यांची वेगळी ओळ ठेवा, कानात बिल्ला वेगळ्या रंगाचा. त्यांची एकही कालवड खिल्लार म्हणून विकू नका आणि खिल्लारीत मिसळू नका.

पंचगंगा_कृष्णा

मी शिरोळकाठ यांच्या शेजारच्या गावचा. सगळे जातीवर बोलताय, मी महिन्यावर बोलतो.

२०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आमच्याकडं पाणी आलं तेव्हा सगळ्यात हाल झाले ते नुकत्याच व्यालेल्या गायींचे. दोन दिवसांचं वासरू घेऊन गाय छावणीला कशी न्यायची? जी गाय दिवाळीच्या आसपास फळते ती सव्वानऊ महिन्यांनी ऐन श्रावणात विते, म्हणजे बरोबर पुराच्या तोंडावर. वळू वर्षभर खांडात मोकळा सोडला की हे होणारच. म्हणून आम्ही दसरा ते मार्गशीर्ष वळू वेगळा बांधतो. पौष-माघ-फाल्गुनात मोकळा सोडतो. तेव्हा वाडं भरपूर असतं, गायी अंगावर आलेल्या असतात, आणि वासरं दसरा-दिवाळीनंतर होतात. थंडीत माश्या कमी, पुढं पुन्हा वाडं सुरू. पुराच्या पट्ट्यात वळू कोणता यापेक्षा तो कधी सोडायचा याला जास्त किंमत आहे.

जुनी_दावण

शंभर टक्के. आणि तुमच्या दोन गावांत मिळून एकच वळू घ्या. पूर्ण वाढलेला वळू वर्षाला पन्नासेक गायींना पुरतो, अकरा गायींसाठी एकट्यानं त्याचा खुराक कशाला सोसायचा. तीन वर्षं एका गावात, तीन वर्षं दुसऱ्या गावात. पोरी मोठ्या होऊन फळायच्या आधी बाप हलला पाहिजे.

शिरोळकाठ

मंडळी, वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं.

खिल्लारच, आटपाडी-म्हसवडकडचा, भरल्या हाडाचा. पंचगंगा_कृष्णा यांच्याशी फोनवर बोललो, वळू दोन गावांत मिळून. यात्रेला पौषात जाऊ, इसार मात्र आई बघितल्यावरच. एक गाय कानानं जरा मोठी आहे पण कासेला भक्कम, तिला गीरची कांडी. दुसरी अजून ठरत नाही, वडील कुठल्याच गायीचं नाव घेऊ देत नाहीत. वासरं आजपासून वेगळी बांधतोय. खनिज मिश्रणाची पिशवी आणली.

डॉक्टर, वळू बाहेरून आणताना तपासण्या कोणत्या? आणि तीन कालवडींतली सगळ्यात लहान माजावर आलेली दिसतेय, तिला थांबवू का?

पशुवैद्य_गडहिंग्लज

वळू इसार द्यायच्या आधी सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, टीबी आणि जोन्स (जुनाट हगवणीचा रोग) यांची रक्त व त्वचा तपासणी. लम्पी आणि लाळ्या-खुरकूतची लस झालेली असावी. गावात आणल्यावर तीन आठवडे खांडापासून लांब बांधा, गोचीड काढा. तुमच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस एकदाच टोचून घ्या, सरकारी दवाखान्यात मिळते. नराला ती लस कधीच द्यायची नाही.

लहान कालवडीचं वजन मोजा. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. येईल ते किलोत वजन. आकडा इथं टाका.

शिरोळकाठ

घेर ५४, लांबी ४६. म्हणजे २०३ किलो होतं.

पशुवैद्य_गडहिंग्लज

थांबा. तुमच्या मोठ्या गायी साडेतीनशेच्या आसपास असतील तर कालवड निदान सव्वादोनशे भरल्याशिवाय लावायची नाही. रोज किलोभर पेंड चालू करा, माघाच्या शेवटी पुन्हा टेप लावा. बाकी दोघींचे आकडेही पाठवा.